थ्रेडला स्टॅक किती? उबुंटूवर चालणारा काट्याचा प्रोग्राम कंटेनरमध्ये पडायलाय

बालाघाट

मंडळी, राम राम. धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर सध्या माझ्याकडं आहे. कोड जुना, सी प्लस प्लसमधला, आधीच्या कंत्राटदाराकडून आलेला. प्रत्येक काट्याला एक थ्रेड, म्हणजे प्रोग्राममधलाच वेगळा चालणारा धागा. इंडिकेटरकडून वजन येतं, ते गाडी नंबराशी आणि चिठ्ठीशी जुळवायचं, गव्हाणीत ऊस उतरवून गाडी परत आली की रिकामं वजन घ्यायचं, पावती काढायची. उबुंटूवर मागचे हंगाम बिनबोभाट गेले. औंदा वरून फर्मान आलं की सगळं डॉकरच्या कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून वेगळ्या डब्यात) टाका आणि इमेज लहानात लहान ठेवा. म्हणून अल्पाइन हे छोटंसं लिनक्स घेतलं, त्यावर नव्यानं कंपाइल केलं. चाचणीत सगळं ठीक.

गाळप सुरू झाल्यापासून मात्र दिवसभर चालतं आणि पाळी बदलायच्या वेळी पडतं. सेगमेंटेशन फॉल्ट (आपली नसलेल्या मेमरीला हात लागला की येतो तो), बास. पाळीचा गोषवारा काढणारं जे फंक्शन आहे, त्यातली लॉगची पहिली ओळसुद्धा उमटत नाही. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी पडत नाही, पण दुसऱ्याच काट्यावरच्या ट्रॅक्टरचा नंबर अर्धामुर्धा होऊन पावतीवर येतो. बाहेर गाड्यांची रांग, मुकादम खिडकीत डोकं घालून बोंबलायलाय. यूलिमिट -एस (स्टॅकची मर्यादा दाखवणारी कमांड) केलं तर ८१९२ केबी दाखवतं. ते अनलिमिटेड करून बघितलं, काडीचा फरक नाही. रॅम निम्मी रिकामी आहे. कुणाला काही सुचतंय का?

हुर्डा

अल्पाइन काढा, उबुंटू घाला, झोपा. चाललेल्या गोष्टीला कशाला हात लावायचा हंगामात?

गोदातीर

हुर्डा भाऊंचा सल्ला उद्या सकाळपुरता बरोबर आहे, पण आधी एक सांगा. त्या गोषवाऱ्याच्या फंक्शनमध्ये मोठा लोकल ॲरे आहे का? न्यू किंवा मॅलॉकनं घेतलेला नाही, फंक्शनच्या आत सरळ जाहीर केलेला.

बालाघाट

आहे की. कॅर बफर, आकार २५६ गुणिले १०२४. पाळीच्या सगळ्या पावत्या एकदम त्यात ओढून बेरजा मारतो. पण २५६ केबी म्हणजे काय आहे आजकाल? यूलिमिट तर ८ एमबी सांगतंय.

गोदातीर

सापडलं. जरा इस्कटून सांगतो. स्टॅक म्हणजे फंक्शनांचे लोकल व्हेरिएबल आणि परतीचे पत्ते ठेवायची थ्रेडची जागा.

यूलिमिट -एस जो ८ एमबीचा आकडा दाखवतं, तो कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, नियम फक्त मेन थ्रेडसाठी आहे. मेन थ्रेडचा स्टॅक लागेल तसा खाली वाढतो आणि कर्नल त्याला त्या मर्यादेपर्यंत वाढू देतं. बाकीच्या थ्रेडांचं तसं नाही. त्यांचा स्टॅक सी लायब्ररी थ्रेड तयार करतानाच एमॅप या कॉलनं कर्नलकडून मागून घेते, एका ठरावीक मापाचा, आणि पुढं तो वाढत नाही. माप किती, हे कर्नल ठरवतच नाही, लायब्ररी ठरवते. आणि इथंच उबुंटू आणि अल्पाइन वेगळे होतात.

उबुंटूवर जीलिबसी ही सी लायब्ररी. ती प्रोग्राम सुरू होताना यूलिमिटचा आकडा वाचते आणि तोच नव्या थ्रेडांना डिफॉल्ट म्हणून देते. म्हणून तुमच्या प्रत्येक काट्याला न मागता ८ एमबी मिळत होते. अल्पाइनवर मसल ही दुसरी. मसल यूलिमिटकडं बघतसुद्धा नाही. तिचा डिफॉल्ट १२८ केबी. २०१९ च्या १.१.२१ या आवृत्तीआधी तर फक्त ८० केबी होता. आता १२८ केबीच्या स्टॅकवर २५६ केबीचा ॲरे. पडणार नाही तर काय?

लॉगची पहिली ओळ का येत नाही तेही यातच आलं. फंक्शनमध्ये शिरल्या शिरल्या कंपाइलर स्टॅक पॉइंटरमधून २५६ केबी वजा करतो. ॲरेला अजून कुणी हातही लावलेला नसतो. मग लॉग लिहायला पुढचं फंक्शन बोलावलं की परतीचा पत्ता त्या नव्या, खालच्या जागी लिहायचा असतो. ती जागा तुमच्या स्टॅकच्या बाहेर आहे. कोअर डंप (पडतानाचा मेमरीचा ठसा) जीडीबी डीबगरमध्ये उघडा, आरएसपी रजिस्टरचा, म्हणजे स्टॅक पॉइंटरचा, आकडा बघा आणि त्या थ्रेडच्या स्टॅकच्या हद्दीशी ताडून पाहा. चांगलाच खाली घसरलेला दिसेल.

आता दुसऱ्या ट्रॅक्टरचा नंबर. स्टॅकच्या तळाशी एक गार्ड पेज असतं, त्याला लिहायला-वाचायला मनाई. थोडंसं ओलांडलं तर त्यावर पाय पडतो आणि प्रोग्राम तिथंच मरतो, हे चांगलं. पण २५६ केबीची उडी एकदम मारली तर गार्ड पेज मधल्यामध्ये राहून जातं. पलीकडं काही मॅप केलेलं नसेल तर सेगफॉल्ट. मॅप केलेलं असेल तर? थ्रेडांचे स्टॅक बहुधा एकाखाली एक लागून असतात. म्हणजे एका काट्याचा गोषवारा दुसऱ्या काट्याच्या स्टॅकवर लिहिला जाऊ शकतो, आणि कर्नलला त्यात काही वावगं दिसत नाही. मला विचाराल तर पडण्यापेक्षा हे भयानक आहे. ऊस उत्पादकाच्या पावतीचा प्रश्न आहे.

आत्ताच्या आत्ता एक करा, जीसीसी कंपाइलरला -एफस्टॅक-क्लॅश-प्रोटेक्शन द्या. जीसीसी ८ पासून आहे. मोठी उडी मारताना ते प्रत्येक पेजला स्पर्श करत करत खाली जातं, त्यामुळं गार्ड पेज चुकत नाही. प्रोग्राम तरीही पडेल, पण दुसऱ्याच्या घरात न घुसता पडेल. ही सोय आली ती २०१७ च्या जूनमध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या लोकांनी स्टॅक क्लॅश नावाचं प्रकरण बाहेर काढल्यावर. त्यांनी हीच उडी हल्ल्यासाठी वापरून दाखवली होती. त्याच सुमारास लिनक्सनं मेन स्टॅकखालचं मोकळं अंतर एका पेजवरून १ एमबीवर नेलं. थ्रेडांच्या गार्डला मात्र ते लागू नाही, तो लायब्ररीचा मामला.

बालाघाट

बाप रे. म्हणजे अनलिमिटेड करून काही होणारच नव्हतं.

गोदातीर

मसलवर काहीच नाही. आणि गंमत ऐका, उबुंटूवर केलं असतं तर थ्रेडांचा स्टॅक उलटा कमी झाला असता. जीलिबसीला अनलिमिटेड दिसलं की ती म्हणते अमर्याद जागा तर कापून देता येत नाही, मग घ्या आर्किटेक्चरचा ठरलेला आकडा. एक्स८६-६४ वर तो २ एमबी. म्हणजे ८ वरून २.

तिसऱ्या_वर्षाला

दादा, मध्येच विचारते, माफ करा. मी लातूरची, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. आमचा ग्राफचा प्रोग्राम मैत्रिणीच्या मॅकबुकवर मेनमध्ये चालतो, पण तोच वेगळ्या थ्रेडमध्ये घातला की पडतो. रिकर्शन आहे त्यात, खोली साधारण वीस-तीस हजार. हे तेच का?

पैठणगेट

तेच ताई. मॅकओएसवर मेन थ्रेडला ८ एमबी आणि बाकीच्यांना ५१२ केबी. अधिकृतच आहे ते. तुमच्या फंक्शनच्या एका फ्रेमला पन्नास-शंभर बाइट धरा, आणि खोलीनं गुणा. दहा लाख नोड एका रांगेत असतील तर शंभर एमबी होतात, मग मेनसुद्धा पुरत नाही. थ्रेड बनवताना पीथ्रेड_ॲट्र_सेटस्टॅकसाइझनं मोठा स्टॅक मागा. नाहीतर रिकर्शन काढून स्वतःचा स्टॅक व्हेक्टरमध्ये ठेवा. परीक्षेत दुसरं जास्त मार्क देतं.

पायथन वापरत असाल तर तिथं आधी हजारच्या रिकर्शन मर्यादेवर अडाल. ती नुसती वाढवून थ्रेडचा स्टॅक तेवढाच ठेवला तर छान एरर मेसेजच्या जागी पूर्ण इंटरप्रिटर झोपण्याची शक्यता असते. थ्रेडिंग.स्टॅक_साइझ थ्रेड सुरू करायच्या आधी सेट करा, नंतर केलं तर त्या थ्रेडला लागत नाही.

तिसऱ्या_वर्षाला

धन्यवाद दादा! सरांनी "मॅकचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगितलं होतं.

दुसरी_पाळी

काट्यावरच्या केबिनीत जो विंडोज पीसी असतो, त्याच्यावर हा कोड चालवला असता तर कळलंसुद्धा नसतं. विंडोजवर १ एमबी. तो आकडा ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेटिंगमध्ये कुठं सापडत नाही, कारण तो ईएक्सई फाइलच्या हेडरमध्ये असतो, लिंकर लिहितो. लिंकरला /स्टॅक देऊन बदलता येतो. थ्रेड बनवताना वेगळा मागायचा असेल तर क्रिएटथ्रेडच्या डीडब्ल्यूस्टॅकसाइझमध्ये द्या, पण सोबत रिझर्व्हेशनवाला फ्लॅग टाकायला विसरू नका. तो नसेल तर तुमचा आकडा कमिटचा धरला जातो, रिझर्व्हचा नाही.

हुर्डा

मला कळत नाही एवढा काथ्याकूट कशाला. रॅम निम्मी रिकामी आहे म्हणतात ना? प्रत्येक थ्रेडला ६४ एमबी द्या. आम्ही जाव्हात -एक्सएसएस (थ्रेडच्या स्टॅकचं माप) वाढवतो आणि विषय संपवतो.

गोदातीर

हुर्डा भाऊ, तुमचं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून आधी तेच सांगतो. स्टॅकचा आकडा म्हणजे रॅम नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं आहे ते. जागा धरली जाते, बसलेलं कुणी नसतं. ६४ बिटवर प्रोग्रामला पत्त्यांची जागा १२८ टीबी आहे, तिथं ८ काय नि ६४ एमबी काय. थ्रेडनं ज्या पेजला खरंच हात लावला तेवढीच ४ केबीची पेजेस रॅममध्ये येतात. काट्याचा साधा थ्रेड दिवसभरात पन्नास केबीच्या पुढं जात नसेल.

आता उरलेलं अर्धं. ३२ बिटवर हे चालत नाही. तिथं प्रोग्रामला ३ जीबी पत्ते, ८ एमबीनं भागा, ३८४. त्यात लायब्ऱ्या आणि हीपसुद्धा बसवायचे. जुन्या ३२ बिट सर्व्हरवर चारशेव्या थ्रेडाच्या आसपास ईअगेन एरर येऊन लोक रॅम वाढवत बसायचे, आणि रॅमचा त्यात काही संबंध नसायचा.

दुसरं, प्रोग्राम एमलॉकऑल (मेमरी रॅममध्येच डांबून ठेवणं) करत असेल, रिअलटाइमवाले करतात, तर धरलेली सगळी जागा खरोखर रॅममध्ये आणून बसवली जाते. मग शंभर थ्रेड गुणिले ६४ एमबी. तिसरं, व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी २ वर असेल तर धरलेली जागाही हिशोबात धरतात. आणि ट्रान्सपरंट ह्यूज पेजेस "ऑलवेज"वर असतील तर पहिल्या स्पर्शालाच ४ केबीऐवजी २ एमबीचं पेज येऊ शकतं. "स्टॅक फुकट असतो" हे वाक्य या सगळ्यांत खोटं पडतं.

आणि एक खर्च असा आहे जो -एक्सएसएस कितीही कमी केला तरी जात नाही. प्रत्येक थ्रेडमागं कर्नलचा स्वतःचा एक स्टॅक असतो, एक्स८६-६४ वर १६ केबी, २०१४ च्या ३.१५ पासून, आधी ८ होता. ही खरी रॅम आहे, रुमाल नाही. दहा हजार थ्रेड म्हणजे १६० एमबी नुसती कर्नलला.

हुर्डा

बरं बाबा. पण आमच्याकडं "अनेबल टू क्रिएट नेटिव्ह थ्रेड" येतं तेव्हा सगळे -एक्सएसएस कमी करायला सांगतात, त्याचं काय?

गोदातीर

तो मेसेज आउटऑफमेमरीच्या नावाखाली येतो म्हणून लोक फसतात. ६४ बिटवर जाव्हाचा डिफॉल्ट १ एमबी, तो क्वचितच आड येतो. आधी थ्रेडांच्या संख्येवरच्या मर्यादा तपासा, म्हणजे कंटेनरची पिड्स.मॅक्स बघा, सिस्टिमडीचं टास्क्समॅक्स बघा, यूलिमिट -यू बघा. अगदीच हजारोंत थ्रेड असतील तर व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट (एका प्रोग्रामला किती मॅपिंग चालतात त्याची मर्यादा), तो मुळात ६५५३० असतो आणि एक थ्रेड दोन मॅपिंग खातो, स्टॅक आणि गार्ड. म्हणजे बत्तीस हजारांच्या आसपास संपलं. -एक्सएसएस अर्धा करून यातलं काहीच सुटत नाही.

पैठणगेट

गो लँग्वेजवाले या सगळ्यात हसत असतील. त्यांचा स्टॅक २ केबीपासून सुरू, लागेल तसा वाढतो, ६४ बिटवर १ जीबीपर्यंत.

गोदातीर

हसू देत. गो स्टॅक भरला की मोठी जागा घेऊन आख्खा स्टॅक तिकडं उचलून नेतो आणि त्यातले पॉइंटर दुरुस्त करतो. कुठला शब्द पॉइंटर आहे हे त्याच्या कंपाइलरला ठाऊक असतं म्हणून जमतं. सी प्लस प्लसमध्ये कुणी लोकल व्हेरिएबलचा पत्ता कुठं नेऊन ठेवलाय याचा ठावठिकाणा नसतो, स्टॅक हलवला की सगळं तुटलं. म्हणून आपल्याला आधीच माप ठरवावं लागतं.

वाळूज_पट्टा

तुम्ही लोक एमबीत भांडायलात, आमच्याकडं या आणि बघा. मोसंबीच्या बागांना ठिबकचे व्हॉल्व्ह उघडझाप करणारा बोर्ड आहे आमचा, ईएसपी३२ या छोट्या चिपवर. आर्डुइनोचा लूप टास्क, त्याला एकूण स्टॅक ८१९२ बाइट. बाइट, केबी नाही. नुसता व्हॉल्व्ह उघडायचा तर निम्मासुद्धा लागत नाही. पण वेगळ्या छोट्या टास्कमधून एचटीटीपीएस केलं की सर्व्हरशी जोडणी ठरवताना (हँडशेक) टीएलएस ही एन्क्रिप्शनची लायब्ररी काही केबी सहज खाते, आणि बोर्ड "स्टॅक कॅनरी वॉचपॉइंट ट्रिगर्ड" म्हणून रीस्टार्ट. शेतकऱ्याचा फोन येतो, "लाइट आहे, विहिरीला पाणी आहे, तुमचं डबडंच झोपलंय."

यात एक खोड फार लोकांना नडते. मूळ फ्रीआरटीओएसमध्ये (अशा चिपांवरची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) टास्क बनवताना स्टॅकचा आकडा वर्डमध्ये देतात. ३२ बिट चिपवर ५१२ म्हणजे २०४८ बाइट. ईएसपीच्या आवृत्तीत तोच आकडा बाइटमध्ये. एसटीएम३२ या दुसऱ्या चिपचं उदाहरण जसंच्या तसं चिकटवलं की चौथाई स्टॅक मिळतो. इथं गार्ड पेज वगैरे लाड नाहीत, म्हणून आम्ही मोजूनच देतो. यूएक्सटास्कगेटस्टॅकहायवॉटरमार्क विचारा, आजवर कमीत कमी किती शिल्लक राहिला ते सांगतं. बोर्ड शेतात आठवडाभर चालू द्या, नेटवर्क गेलं-आलं, लाइट गेली-आली, सगळं होऊ द्या, मग आकडा बघा आणि त्यावर थोडी सूट ठेवा. टेबलावर मोजलेला आकडा शेतात टिकत नाही.

बालाघाट

वाळूज भाऊ, लिनक्सवर असं मोजायला काही आहे का? अंदाजानं ८ एमबी देऊन मोकळं होणं आता मला पटेना.

गोदातीर

आहे. दोन बाजूंनी मोजा.

कंपाइल करताना -एफस्टॅक-यूसेज द्या. प्रत्येक फाइलीसोबत एक डॉट एसयू फाइल तयार होते, त्यात फंक्शनागणिक बाइट लिहिलेले असतात. उतरत्या क्रमानं लावा, वरचे पाच-सहा डोळ्यांवर येतील. तुमचा २६२१४४ वाला तर पहिलाच असेल. पुढं कुणी असा ॲरे घालू नये म्हणून -डब्ल्यूफ्रेम-लार्जर-दॅनला १६३८४ देऊन ठेवा, कंपाइलर स्वतःच ओरडेल.

चालत्या प्रोग्रामचं बघायचं तर /प्रॉक/ पिड /एसमॅप्स. थ्रेडच्या स्टॅकची नोंद शोधा, साइझ म्हणजे धरलेली जागा, आरएसएस म्हणजे आजवर हात लागलेली. पाळी बदलून झाल्यावर बघा, आधी बघून उपयोग नाही.

आणि ॲरे मुळात तिथं नकोच. स्टड व्हेक्टरमध्ये घाला, हीपवर जाईल. थ्रेड_लोकल करायचा मोह होईल, तो टाळा. जीलिबसीत स्थिर थ्रेड-लोकल जागा त्याच स्टॅकच्या मापातून कापली जाते. शिवाय स्टड थ्रेडला स्टॅकचं माप सांगायची सोयच भाषेत नाही, माप हवं तर पीथ्रेडच वापरावा लागतो.

बालाघाट

व्हेक्टर केला. क्लॅश प्रोटेक्शन टाकलं. एसमॅप्समध्ये आता पाळी बदलल्यावरसुद्धा काट्याच्या थ्रेडांचा आरएसएस ४० केबीच्या आत. १२८ मध्ये आरामात बसायलंय. मुकादम शांत.

आता एकच अडचण. पावती छापायची जी लायब्ररी आहे, तिचा सोर्स आहे पण हात लावायची परवानगी नाही. ती आपला थ्रेड आपणच बनवते, आणि डॉट एसयूमध्ये तिच्यातलं एक फंक्शन ९६ केबीचं दाखवतंय. १२८ मध्ये ९६ म्हणजे झोप लागत नाही.

गोदातीर

नाहीच लागणार, वरून बोलावणारी फंक्शनं आणि प्रिंटएफ वगैरे धरून काठावर येतं ते.

लायब्ररीला न शिवता दोन वाटा आहेत. तुमचा मुख्य प्रोग्राम लिंक करताना -डब्ल्यूएल,-झेड,स्टॅक-साइझ=१०४८५७६ द्या. हा आकडा ईएलएफच्या, म्हणजे लिनक्सच्या प्रोग्राम फाइलच्या, जीएनयू_स्टॅक हेडरमध्ये जातो आणि मसल तो वाचून सगळ्या थ्रेडांचा डिफॉल्ट तेवढा करते, ८ एमबीच्या वरचा मात्र मानत नाही. जीलिबसी असल्या आकड्याकडं लक्ष देत नाही, त्यामुळं मेकफाइलमध्ये कशासाठी आहे ते कॉमेंटमध्ये लिहा, नाहीतर पुढचा माणूस निरुपयोगी म्हणून काढून टाकेल. दुसरी वाट डेबियनची स्लिम इमेज. इमेज थोडी मोठी होईल, आणि स्टॅक डॉकरच्या --यूलिमिट स्टॅकनं बाहेरून ठरवता येईल. सिस्टिमडीखाली चालवणार असाल तर लिमिटस्टॅक युनिट फाइलीत द्या, लिमिट्स.कॉन्फमध्ये लिहून सर्व्हिसला पोचत नाही.

मी असतो तर आत्ता लिंकरवाली वाट घेतली असती, एका ओळीचा बदल आहे. इमेज बदलायची तर पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर.

हुर्डा

म्हणजे शेवटी हंगामात हात लावायचा नाही हे ठरलं ना. मी काय वेगळं म्हणालो होतो?

बालाघाट

तुमचं उबुंटू मार्चनंतर बघू हुर्डा भाऊ. १ एमबीवर लिंक करून टाकलंय, रीडएल्फ -एलमध्ये जीएनयू_स्टॅकसमोर ०एक्स१००००० दिसतंय, रात्रीच्या पाळीला चढवतो.